खऱ्या फोटोवर एआयचा शिक्का आणि खोट्या आवाजावर काहीच नाही?

वाईहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

"आम्ही दोघे भाऊ किल्ल्यांवर एक व्हिडिओ चॅनेल आणि एक फोटोंचं पेज चालवतो. रायगडावरच्या जगदीश्वर मंदिराचा आम्हीच काढलेला फोटो टाकला. मागची विजेची तार तेवढी पुसली होती, तर त्यावर एआयचा शिक्का बसला आणि लोक कमेंटमध्ये 'फोटो खोटा आहे' म्हणू लागले. व्हिडिओंमध्ये आम्ही एआयने केलेली शिवकालीन दृश्यं वापरतो आणि दर वेळी तशी खूण प्रामाणिकपणे करतो. तरी 'इनऑथेंटिक कंटेंट' असं कारण देऊन कमाई बंद केली गेली. आणि तिकडे माझ्या भावाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात फिरतेय. तिच्यावर ना शिक्का, ना कारवाई. आम्ही खूण करणं बंदच करावं का?"

बंद करू नका. कमाई त्या खुणेमुळे गेलेली नाही. फोटोवरचा शिक्काही तिच्यामुळे नाही. तुमच्या तीन तक्रारी तीन वेगळ्या नियमांखाली येतात आणि त्या एकत्र केल्या की कुठेच दाद लागत नाही. पत्रात तुम्ही ॲपची नावं दिली आहेत, ती इथे गाळली आहेत. उत्तरात मात्र मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) आणि यूट्यूब यांचे जाहीर नियम धरून बोलतो, कारण मराठी पेजं आणि चॅनेलं मोठ्या प्रमाणात तिथेच आहेत.

मुळात एक गैरसमज काढून टाका. प्लॅटफॉर्म चित्र बघून खरं-खोटं ओळखतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा तीन गोष्टींवर चालतो: फाइलच्या पोटात असलेली नोंद, अपलोड करणाऱ्याने स्वतः दिलेली कबुली, आणि कुणीतरी केलेली तक्रार. जमीन कोण कसतं ते तलाठ्याला गावात फिरून कळू शकतं, पण तो बोलतो सातबारा बघूनच, तसं हे आहे. तुमच्या खऱ्या फोटोत नोंद होती, म्हणून शिक्का बसला. त्या तेलवाल्याच्या ध्वनिफितीत नोंद नव्हती, त्याने कबुलीही दिली नाही, आणि तक्रार बहुधा चुकीच्या खिडकीवर गेली.

आधी फोटो.

फोटोशॉप, लाइटरूम, गूगल फोटोज अशा साधनांतल्या जनरेटिव्ह सोयी (एआयकडून चित्राचा नवा भाग तयार करून घेणाऱ्या) वापरल्या की फाइलमध्ये तशी नोंद होऊ शकते. ती दोन प्रकारची असते. एक आयपीटीसी या वृत्तमाध्यमांच्या मानकसंस्थेने ठरवलेली, 'डिजिटल सोर्स टाइप' नावाच्या रकान्यातली. हा साधा मजकूर असतो. दुसरी सी२पीए या, फाइल कशी तयार झाली आणि तिच्यात काय बदल झाले ते नोंदवणाऱ्या मानकाची. तिच्यावर डिजिटल सही असते, त्यामुळे आत कुणी फेरफार केला तर सही जुळत नाही. मेटा या दोन्ही नोंदी वाचून शिक्का मारते. मे २०२४ मध्ये हा शिक्का 'मेड विथ एआय' या शब्दांत सुरू झाला. छायाचित्रकारांनी तुमच्यासारखीच ओरड केली: धुळीचा ठिपका पुसला तरी अख्खा फोटो 'एआयने बनवलेला' कसा? मग जुलै २०२४ मध्ये शब्द बदलून 'एआय इन्फो' झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी एक बदल झाला: नुसत्या संपादनासाठी एआय वापरलं असेल तर ती माहिती पोस्टच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत जाईल, नावाखाली ठळक दिसणार नाही.

म्हणून पहिलं काम, तुमच्या फाइलमध्ये नेमकं काय लिहिलंय ते बघा. एक्झिफटूल हे मोफत साधन संगणकावर चालतं. त्यात 'डिजिटल सोर्स टाइप' शोधा. तिथे 'कंपोझिट विथ ट्रेन्ड अल्गोरिदमिक मीडिया' असेल तर अर्थ असा की मूळ फोटो खरा, काही भाग एआयने भरलेला. नुसतं 'ट्रेन्ड अल्गोरिदमिक मीडिया' असेल तर फाइल स्वतःच सांगतेय की अख्खं चित्र एआयने तयार केलं आहे. मग ठळक शिक्का बसला तर नवल नाही. सी२पीएची नोंद कंटेंट क्रेडेन्शियल्सच्या संकेतस्थळावरच्या तपासणीच्या पानावर फाइल ओढून टाकली की दिसते. कोणत्या साधनाने काय केलं ते तिथे क्रमाने वाचता येतं.

तार पुसायला जनरेटिव्ह साधन लागतच नाही. फोटोशॉपमधला क्लोन स्टॅम्प किंवा हीलिंग ब्रश आजूबाजूचेच पिक्सेल उचलतो, नवीन काही रचत नाही. रिमूव्ह टूल वापरायचंच असेल तर वरच्या पट्टीत जनरेटिव्ह एआय चालू ठेवायचं की बंद, हे निवडता येतं. लाइटरूमच्या रिमूव्हमध्येही तशी चौकट आहे, तिची खूण काढा. हे काम मूळ कॅमेरा फाइलवर नव्याने करा. आधीच जनरेटिव्ह हात लागलेल्या फाइलवर पुन्हा ब्रश फिरवलात तर जुनी नोंद तशीच राहील.

तुम्हाला कुणीतरी सांगेलच, "स्क्रीनशॉट काढून टाक, शिक्का जातो." जातो, हे खरं आहे. स्क्रीनशॉटने दोन्ही नोंदी गळून पडतात. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला तरीही तेच होतं. पण त्याबरोबर कॅमेऱ्याचं नाव, तारीख, वेळ असं सगळं जातं, चित्राचा आकार मोबाइलच्या पडद्याएवढा होतो, आणि उद्या कुणी तुमचा फोटो चोरला तर पेजवरच्या त्या प्रतीत तुमच्या बाजूने बोलणारं काही उरत नाही. किल्ल्यांचं दस्तावेजीकरण करणाऱ्याने हे करू नये. (खरं तर तार दिसली तर बिघडतं काय? आज तिथे तार आहे, हीसुद्धा माहितीच आहे.) पुसायचीच असेल तर फोटोखाली एक ओळ लिहा: 'मूळ फोटो आमचा, मागची वीजवाहिनी पुसली आहे.' कमेंटमधल्या वादाला तेवढं पुरतं. मूळ रॉ फाइल कायम जपा, नाव न बदलता.

आता खूण कुठे करायची.

यूट्यूबने मार्च २०२४ पासून ही विचारणा सुरू केली. यूट्यूब स्टुडिओत (चॅनेल सांभाळायच्या पानावर) व्हिडिओ चढवताना तपशिलाच्या पहिल्या पानावर खाली 'अधिक दाखवा' दाबलं की बदललेल्या मजकुराचा प्रश्न येतो, उत्तर हो किंवा नाही. 'हो' तीन परिस्थितींत म्हणायचं असतं: खऱ्या माणसाने जे म्हटलं-केलं नाही ते त्याने म्हटलं-केलं असं दाखवलं असेल, खऱ्या घटनेचं किंवा जागेचं चित्रण बदललं असेल, किंवा न घडलेलं पण खरं वाटेल असं दृश्य तयार केलं असेल. यातलं मधलं कलम किल्लेवाल्यांच्या ध्यानातून सुटतं. राजगडाच्या बालेकिल्ल्याचं तुमचं ड्रोनचं चित्रण आणि त्यावर एआयने उभे केलेले वाडे, तटबंदी, निशाण: ही खरी जागा आहे आणि ती बदललेली आहे. 'हो' म्हणा. किल्ल्याचा मिळाला नाही म्हणून एआयकडून करून घेतलेला पावसाळी शॉट, त्यालाही 'हो'. यूट्यूबच्या स्वतःच्या उदाहरणांत खऱ्या ठिकाणाचं असं वाढीव चित्रण आहे.

लढाईच्या दृश्यांबद्दल बरेच जण म्हणतात, १६६० साली पावनखिंडीत कॅमेरा नव्हता हे शेंबड्या पोरालाही कळतं, मग कबुली कशाला? आमचं मत: तरीही द्या. प्रश्न दृश्य खरं वाटण्याजोगं आहे का असा आहे, प्रेक्षक किती शहाणा आहे असा नाही. शिवाय तुमच्या व्हिडिओतले बारा सेकंद कापून कुणी एखाद्या चित्रपटाचं किंवा चालू दंगलीचं दृश्य म्हणून फिरवलं, तर मूळ कुठे आणि कोणत्या खुणेसह होतं हे दाखवता आलं पाहिजे. लघुचित्रशैलीत किंवा उघड कार्टूनमध्ये केलेली दृश्यं यातून सुटतात. संहिता, शीर्षक, थंबनेल, उपशीर्षकं, रंगदुरुस्ती, आवाजातली खरखर काढणं यांसाठी एआय वापरलं तर खूण लागत नाही. दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल निवेदनाला वापरली तर लागते, आणि त्याची लेखी परवानगीही हवी.

खूण केली की ती माहिती साधारणपणे व्हिडिओच्या वर्णनात दिसते. आरोग्य, बातम्या, निवडणुका, पैसा असे विषय असतील तर थेट व्हिडिओच्या चौकटीवर दिसते. यामुळे प्रेक्षक कमी केले जात नाहीत किंवा कमाईची पात्रता जात नाही, असं यूट्यूबने मदतीच्या पानावर लिहून ठेवलं आहे. उलट वारंवार लपवलं तर व्हिडिओ काढणं आणि कमाईच्या कार्यक्रमातून निलंबन, दोन्ही होऊ शकतं. यूट्यूब स्वतःहूनही शिक्का लावू शकतं, आणि तसा लागलेला शिक्का तुम्हाला नेहमी काढता येईलच असं नाही.

मेटाच्या नियमात खऱ्यासारखा दिसणारा व्हिडिओ आणि खऱ्यासारखा वाटणारा आवाज यांची कबुली सक्तीची आहे. पण भारतात आता कंपनीच्या नियमावर थांबून चालत नाही. माहिती तंत्रज्ञान नियमांत केलेली दुरुस्ती २० फेब्रुवारी २०२६ पासून लागू आहे. तिच्यानुसार मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांनी अपलोड करणाऱ्याकडून 'हे कृत्रिमरीत्या तयार केलेलं आहे का' हे वदवून घ्यायचं, ते तांत्रिक उपायांनी पडताळायचं आणि ठळक शिक्का लावायचा. यात फोटोही येतात. ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात शिक्क्याने चित्राची दहा टक्के जागा व्यापावी असं होतं. अंतिम नियमात ती अट राहिली नाही, तेव्हा अर्धा पडदा झाकणारी पट्टी लावायला कुणी सांगत असेल तर तो जुना मसुदा वाचून सांगतोय. नेहमीची रंगदुरुस्ती, आवाजाची स्वच्छता, भाषांतर असलं प्रामाणिक संपादन या व्याख्येबाहेर आहे. लावलेला शिक्का किंवा आतली ओळखनोंद पुसायची सोय प्लॅटफॉर्मला देता येत नाही.

एक गोष्ट नियमाबाहेरची, पण महाराष्ट्रात चॅनेल चालवणाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी. महाराजांचा एआयने केलेला बोलता चेहरा आणि तोंडी तुम्ही लिहिलेलं वाक्य, हे करू नका. खूण केली म्हणून लोकांचा राग कमी होत नाही. निवेदकाने सांगावं, आणि बखरीतलं असेल तर कोणत्या बखरीतलं ते पडद्यावर लिहावं.

कमाई का बंद झाली?

'इनऑथेंटिक' म्हणजे 'अस्सल नसलेला', हा शब्द फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, एआय वापरलं म्हणून. यूट्यूबचं हे धोरण जुनंच आहे. आधी त्याला 'पुनरावृत्तीचा मजकूर' म्हणत, १५ जुलै २०२५ ला नाव बदललं. आक्षेप आहे तो साच्यातून घाऊक काढलेल्या व्हिडिओंवर: तीच सुरुवात, तेच संगीत, सरकती चित्रं, आणि संकेतस्थळावरून उचललेला मजकूर यंत्राच्या आवाजात वाचलेला. एआय न वापरताही चॅनेल यात सापडतं, आणि भरपूर एआय वापरूनही सुटतं.

तपासणारा माणूस तुमचे सगळे व्हिडिओ बघत बसत नाही. चॅनेलचा मुख्य विषय, सर्वांत जास्त पाहिलेले व्हिडिओ, सर्वांत नवे, ज्यांवर पाहण्याचा सर्वाधिक वेळ जातो ते, आणि शीर्षक-थंबनेल-वर्णन-परिचय हे तो बघतो. तुम्हीही त्याच क्रमाने बघा. तुमच्या अलीकडच्या व्हिडिओंची शीर्षकं पत्रासोबत आहेत: 'या किल्ल्याची ५ रहस्यं', 'त्या किल्ल्याची ५ रहस्यं', सलग तशीच. आतला मजकूर कितीही वेगळा असो, बाहेरून हा साचाच दिसतो. शिवाय चॅनेलच्या परिचयात तुम्ही दोघे गडावर जाता, मोजमापं घेता, स्थानिकांशी बोलता याचा एक शब्द नाही. आमच्या मते कमाई इथे अडकली आहे.

अपिलासाठी निलंबनापासून २१ दिवस असतात. व्हिडिओ अपिलाचा पर्याय दिसत असेल तर तोच घ्या. व्हिडिओ पाच मिनिटांच्या आत, नव्याने चित्रित केलेला, त्याच चॅनेलवर चढवलेला आणि 'अनलिस्टेड' (दुवा असेल त्यालाच दिसणारा) हवा. पहिल्या ३० सेकंदांत चॅनेलचा पत्ता दिसला किंवा ऐकू आला पाहिजे. मग विनवण्या करू नका, काम दाखवा. कॅमेऱ्यासमोर भाऊ, हातात किल्ल्याच्या दरवाजाचं मोजमाप लिहिलेली वही. संगणकावर एडिटिंगची टाइमलाइन, त्यात तुमचं चित्रण कुठलं आणि एआयचा तुकडा कुठला हे बोट ठेवून सांगा. एखाद्या दृश्यासाठी कोणतं गॅझेटिअर किंवा कोणता जुना नकाशा वापरला ते उघडून दाखवा. आक्षेप आलेल्या प्रकारचे दोन व्हिडिओ घेऊन प्रत्येकात तुमची स्वतःची भर काय, ते सांगा. अपील निकाली निघेपर्यंत चॅनेलवरचे व्हिडिओ काढू नका. अपिलात चॅनेल आहे त्या स्थितीत तपासलं जातं आणि पुरावाच गायब होतो. अपील फेटाळलं तर मात्र साच्यातले व्हिडिओ काढा किंवा नव्याने संपादित करा. पुन्हा अर्ज कधी करता येईल ते सूचनेत दिलेलं असतं.

भावाचा आवाज.

हे सर्वांत तातडीचं. आधी पुरावा, मग तक्रार, कारण तक्रारीनंतर पोस्ट गेली तर हातात काही राहत नाही. पोस्टचा पूर्ण दुवा, पेजचं नाव, आणि जाहिरात पूर्ण वाजेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या, ज्यात तारीख-वेळ दिसेल. मेटाच्या ॲड लायब्ररीत (जाहिरातींच्या खुल्या यादीत) पेजचं नाव शोधा आणि जाहिरातीचा लायब्ररी आयडी उतरवून ठेवा. भारतात अशा व्यापारी जाहिराती तिथे चालू असेपर्यंतच दिसतात, म्हणून घाई. 'पेज ट्रान्सपरन्सी'मध्ये पेज कधी सुरू झालं, आधीची नावं कोणती, चालवणारे कोणत्या देशात आहेत हेही टिपा. सोबत भावाचा मूळ व्हिडिओ जोडा, ज्यातून आवाज उचलला असावा असं वाटतं. रेकॉर्डिंगची मूळ फाइल हलवू नका. पुढे न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा) लिहावं लागतं.

तक्रार करताना 'हे एआय आहे' एवढंच लिहाल तर ती गेली. एआय असणं हा गुन्हा नाही. लिहायचं असं: 'माझ्या आवाजाची नक्कल करून माझ्या नावे उत्पादन विकलं जात आहे. हे तोतयेगिरी आणि फसवणूक आहे.' जाहिरातीवरच्या तीन ठिपक्यांतून रिपोर्ट करा, पण तिथे थांबू नका. कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे भावाने स्वतः लेखी तक्रार द्यावी आणि तीत माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या नियम ३(२)(ब) चा उल्लेख करावा. इलेक्ट्रॉनिक तोतयेगिरी या नियमात येते. त्यावरच्या कारवाईची मुदत पूर्वी २४ तास होती, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती दोन तासांवर आली. दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं.

हाच आवाज यूट्यूबवर वापरला असेल तर तिथला गोपनीयतेचा वेगळा अर्ज आहे, तुमच्यासारखा दिसणारा किंवा ऐकू येणारा कृत्रिम मजकूर काढण्यासाठी. तो ज्याचा आवाज त्यानेच भरायचा असतो. तुम्ही भावाच्या वतीने भरलात तर बहुधा परत येईल. व्हिडिओत आवाज कितव्या मिनिटाला आहे ते लिहा. अपलोड करणाऱ्याला साधारण ४८ तास दिले जातात, मग यूट्यूब बघतं: माणूस ओळखू येतो का, मजकूर खरा वाटतो का, विडंबन आहे का, कबुली दिली होती का. चेहऱ्याची नक्कल शोधून देणारी सोय यूट्यूबने ऑक्टोबर २०२५ पासून कमाई कार्यक्रमातल्या निर्मात्यांना द्यायला सुरुवात केली. पण ती चेहरा शोधते, नुसत्या आवाजाला तिचा उपयोग नाही.

पोलिसांकडेही जा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. कुणी ते तेल मागवून पैसे गमावले असतील तर त्यांनी ताबडतोब १९३० ला फोन करावा, पैसे अडवायची संधी पहिल्या काही तासांतच असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड यासाठी आहे: संगणक वापरून तोतयेगिरीने फसवणूक, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आवाज हा माणसाच्या व्यक्तिमत्त्वाचाच भाग आहे हे मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या आवाजाच्या एआय नकलेविरुद्ध २०२५ मध्ये दिलेल्या आदेशात मान्य केलं आहे. तुमच्या वकिलाला ते उपयोगी पडेल. पण आधी वरच्या पायऱ्या करा, त्यांना पैसे लागत नाहीत.

तोपर्यंत तुमच्या पेजवर भावाचा चेहरा दिसेल असा तीस सेकंदांचा खुलासा टाका आणि तो वर पिन करा. खुलाशात ती जाहिरात पुन्हा वाजवू नका. तिचा एक स्थिर फोटो घ्या आणि त्यावर आडवं 'बनावट' लिहा, म्हणजे कुणी तो कापून पुन्हा वापरणार नाही.

जुन्या व्हिडिओंवर खूण करायची राहून गेली असेल तर पुन्हा अपलोड करायची गरज नाही. स्टुडिओत त्या व्हिडिओचा तपशील उघडून उत्तर बदलता येतं, व्ह्यूज आणि कमेंट तशाच राहतात. पण ते सवडीने करा. कमाई बंद झाल्याची सूचना कोणत्या तारखेची आहे ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, आणि अपिलाचे २१ दिवस तिथूनच मोजले जातात. आज आधी ती तारीख बघा.